दाढेच्या गोळ्या

ठोक्यानं रंगाऱ्याचा दात पाडला तो भर दुपारी, गॅरेजच्या ऐन मध्यात, सगळ्यांच्या देखत. आणि पाडला तो चुकीच्या माणसाचा, हे त्याला दात जमिनीवर पडल्यानंतर कळलं.

रंगारी बिचारा एका पांढऱ्या गाडीच्या बोनेटवर ओणवा होऊन पॉलिशपेपर घासत होता. मागच्या संडासातून ठोक्या बाहेर आला तो डोळ्यांत रक्त घेऊनच. त्यानं रंगाऱ्याची मान धरली, त्याला सरळ केलं आणि जबड्यावर एक ठेवून दिली. रंगारी बोनेटवर उताणा पडला. दुसरा ठोसा नाकावर बसला. तिसरा चुकला आणि बोनेटवर आदळला, तिथं वाटीएवढा पोचा पडला.

"माझ्या घरी कशाला गेला होतास तू?"

"खिडकी... खिडकी रंगवायला! तूच तर पाठवलंस!"

"आणि रोग? रोग कुणी पाठवला?"

मालक आतून ओरडत आला. "अरे, मारामारी करायची तर रस्त्यावर जाऊन करा! गिऱ्हाइकाची गाडी आहे ती!"

रंगारी घसरत खाली बसला. तोंडात साचलेलं रक्त त्यानं थुंकलं, त्याबरोबर दातही आला. "कसला रोग रे?"

"परमा! तुलाही झाला होता ना? तूच म्हणालास, माझा ह्या गोळ्यांनी गेला!"

रंगाऱ्यानं दोन्ही हातांनी जबडा धरला आणि तो रडवेला होऊन म्हणाला, "दाढेच्या गोळ्या होत्या त्या, गाढवा! दाढ सुजली होती माझी. आणि पाडायचीच होती तर ती तरी पाडायचीस, शेजारचा चांगला दात कशाला पाडलास?"

"मग रोग झाला होता म्हणालास ते?"

"फुशारकी मारली! तू बाहेरगावी जाऊन मजा करून आलास, आणि मी काय सांगू, मी जन्मभर पत्रा घासला म्हणून?"

ह्यावर खरं तर हसू यायला हवं होतं. कुणी हसलं नाही, कारण ठोक्याची मूठ अजून वळलेली होती, आणि वळलेल्या मुठीसमोर हसण्याचा प्रयोग त्या गॅरेजात पूर्वी एकानं करून पाहिला होता.

ठोक्याचं खरं नाव कुठल्यातरी कागदावर असेल. माणसं त्याला ठोक्याच म्हणत. आपटलेल्या गाड्यांचे पोचे काढणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. पत्र्याच्या मागून लोखंडी ठोकळा धरायचा, पुढून हातोडी मारायची, आणि दोघांच्या मध्ये पत्रा जागेवर आणायचा. हातोडी कुठं मारायची हे तो डोळ्यांनी बघत नसे, बोटं फिरवून ओळखत असे. पत्र्याशी तो जितका हळुवार वागे तितका माणसांशी वागला असता तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण त्याचा बाप गवंडी होता. दिवसभर भिंती ओळंब्यात आणायचा आणि घरी आल्यावर घरातल्यांना. ठोक्या त्याच शाळेत शिकला. आधी हात, मग बात. बायकोवरही त्याचा हात उठलेला होता. मागाहून तो स्वतःच रडायचा, आणि आपण रडतो म्हणजे आपण बापापेक्षा बरे, असं त्यानं स्वतःला पटवलेलं होतं. बायको गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलरी लावायची. कमी बोलायची. लग्नाला काही वर्षं होऊन गेली होती आणि तिला मूल हवं होतं. बाकी तिनं कधी काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं.

कामात मात्र एका गोष्टीची त्याला मनापासून चीड होती. पत्रा आतून गंजलेला असताना वरून लांबी भरायची, म्हणजे तो राखाडी लगदा लेपायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि रंग मारून गाडी वाटेला लावायची. असं करणाऱ्या कारागिरांच्या नावानं तो शिव्यांची लाखोली वाहायचा. "वर्षात फुगतो तो रंग," तो म्हणायचा. "गंज खरवडायचा कंटाळा आणि वर चेहरा सज्जनाचा!"

आणि स्वतःच्या अंगाला त्यानं नेमकी लांबी भरली.

झालं होतं असं. दुसऱ्या गावी एक बस पुलावरून खाली गेली होती, तिचा सांगाडा सरळ करायला मालकानं त्याला पाठवलं. काम बरेच दिवस चाललं. लॉजच्या चादरी धुणारी एक बाई होती, मोकळ्या गळ्याची, ठोक्याला न घाबरणारी. त्याला न घाबरणारं माणूस त्याला फार भेटलेलं नव्हतं. एकातून एक झालं. कंडोम औषधांच्या दुकानात मिळतो हे त्याला ठाऊक होतं, पण दुकानदारासमोर तो शब्द उच्चारण्यापेक्षा त्याला बस एकट्यानं पुलावर चढवणं सोपं वाटलं असतं.

परत आल्यावर काही दिवसांतच लघवीला आग सुरू झाली. कानशीनं आतून घासावं तशी. मग चड्डीवर पिवळट पू दिसायला लागला. सरकारी दवाखाना गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर होता, तिथं ह्या रोगांसाठी वेगळी खोली होती, तपासणी फुकट होती, आणि नाव बाहेर जाणार नाही असं दारावरच लिहिलं होतं. ठोक्या त्या दारावरून मान फिरवून रोज जायचा. शेवटी त्यानं रंगाऱ्याला आडोशाला गाठून विचारलं. रंगाऱ्यानं फुशारकी मारली आणि खिशातलं अर्धं पाकीट काढून दिलं. गोळ्या संपल्या, आग कमी झाली, पू थांबला. झालं, ठोक्याच्या हिशेबी रोग गेला. बायकोला सांगायचा प्रश्नच नव्हता. जे गेलं ते कशाला सांगायचं?

मग एके दुपारी गॅरेजच्या संडासात तीच आग परत लागली.

ठोक्यानं सुतावरून स्वर्ग गाठला तो तिथंच उभ्या उभ्या. आपण त्यानंतर कुठं गेलो नाही. आपला रोग तर बरा झाला होता. म्हणजे हा नवा आला. नवा आला म्हणजे घरातून आला. घरात कुणी आणला? ज्याला तो आधी झाला होता त्यानं. आणि तो आपल्या खिडकीला रंग द्यायला गेला होता! वकिलालाही सुचू नये असा मुद्देसूद विचार होता, फक्त त्याची पहिलीच वीट पोकळ होती.

रंगाऱ्याचा दात पडल्यावर तरी त्यानं खाली उतरायला हवं होतं. पण स्वर्गात पोचलेला माणूस एवढ्या लवकर उतरत नाही. रंगारी नसेल, तर दुसरा कुणीतरी असेल. हाताला लागलेलं रक्त पँटला पुसत तो घराकडे निघाला.

बायको त्या वेळी कारखान्यात असायची. पण ती घरातच होती, चटईवर कुशीला, गुडघे पोटाशी घेऊन.

"ऊठ."

"अहो, पोटात फार—"

"कोण येतं इथं मी नसताना?"

ती नुसती बघत राहिली. प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ठोक्याला ते बघणं म्हणजे उत्तर वाटलं आणि त्यानं तिच्या गालावर सणसणीत ठेवून दिली. डोकं भिंतीवर आपटलं. ती ओरडली नाही. त्यानं दंड धरून तिला उभं करायला ओढलं तेव्हा दुसऱ्या थपडेसाठी हात वर होताच, आणि मग त्याच्या बोटांना कळलं. उन्हात उभ्या गाडीच्या टपासारखं तिचं अंग तापलेलं होतं. ती त्याच्या शर्टावर ओकली आणि पोट धरून कोसळली.

वर गेलेला हात खाली कसा आणायचा ते त्याला काही क्षण सुचेना. मग त्यानं तिला उचललं आणि अनवाणीच रस्त्यावर धावला.

दवाखान्यात डॉक्टरीण होती, वयानं लहान, आवाजानं मोठी. तिनं ओटीपोट दाबून पाहिलं तेव्हा बायकोची किंकाळी बाहेरच्या बाकापर्यंत गेली. "कधीपासून दुखतंय?"

"बरेच दिवस. मशीनवर बसून दुखतं असं वाटलं. अंगावरून पण जातंय... वास येतो. बायकांचं असतं तसं म्हणून..."

"आणि ही गालावरची बोटं? ती पण बायकांचं असतं तसं?"

 तेवढ्यात दारात ठोक्याचा मेहुणा उभा राहिला. तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा. निरोप मिळाला तसा कामावरून आला होता, कपडे ओले, कमरेला लादी ओढायचा लोखंडी आकडा. त्यानं बहिणीचा गाल पाहिला, मग ठोक्याचा शर्ट. "भाऊजी," तो अगदी हळू म्हणाला, "काय केलंत?"

डॉक्टरीण दोघांच्या मध्ये आली. "हे नंतर. अपेंडिक्स असेल, नळीत गर्भ राहिला असेल, मारानं आत काही फुटलं असेल, नाहीतर जंतू वर गर्भाशयात आणि नळ्यांत चढले असतील. चारही गोष्टी जीव घेतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. तपासण्या करतेच आहे. पण तोवर मला अंदाज नको, माहिती हवी." ती ठोक्याकडे वळली. "तुम्हाला काही त्रास? लघवीला आग, पू, जखम?"

मेहुण्याचा हात आकड्यावर होता.

"नाही," ठोक्या म्हणाला.

गॅरेजात तीन माणसांना एकदम अंगावर घेणाऱ्या ह्या गड्याची 'हो' एवढ्या एका शब्दापुढं बोबडी वळली होती. डॉक्टरीण सिस्टरकडे वळून म्हणाली, "सर्जनना बोलवा. पोट उघडायची तयारी ठेवा."

पलंगावरून बायकोचा आवाज आला. "डॉक्टर, मला मूल होईल ना पुढं?"

तो प्रश्न तिनं ठोक्याला कधी विचारला नव्हता. कुणालाच विचारला नसावा. ठोक्यानं तोंड उघडलं.

"मला परमा झालाय," तो म्हणाला. "बाहेरून आणला मी. दाढेच्या गोळ्या खाल्ल्या. गेला वाटलं. हिच्यामुळं नाही, माझ्यामुळं हिला झालाय. हिला काही ठाऊकच नाही."

पुढचं त्याला नीट आठवत नाही. मेहुण्यानं त्याला गळ्याला धरून उचललं आणि औषधांच्या स्टीलच्या कपाटावर फेकलं. डोकं आपटल्याचा आवाज असा झाला की जणू कुणी घणच मारला. आतल्या बाटल्या खळकन फुटल्या. मग पोटात गुडघा, मग तोंडावर ठोसे, एकावर एक. ठोक्यानं हात वर केला नाही. करता आला नसता असं नाही, केला नाही. शेवटी आकडा कमरेतून निघाला आणि वर गेला, तेव्हा बुटकी म्हातारी सिस्टर त्या हाताला अक्षरशः लटकली.

"खाली ठेव तो! हिला रक्त लागलं तर कोण देणार? तुरुंगातून देणार आहेस?"

मेहुणा थांबला. आकडा हातातून गळून फरशीवर वाजला. मग तो भिंतीशी बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

डॉक्टरिणीनं ह्या सगळ्यात मान वळवली नव्हती. ती सलाइनची सुई लावत होती. "सिस्टर, परम्याचं इंजेक्शन आणि बाकीची दोन औषधं सुरू करा. सोनोग्राफीला घ्या, गर्भ नाही ना ते बघू. सर्जनना सांगा, थांबा थोडं. आणि हा गडी उभा राहिला की मला ह्यालाही तपासायचंय."

नळीत गर्भ नव्हता. काही फुटलेलंही नव्हतं. पोट उघडावं लागलं नाही. ठोक्याची भुवई मात्र उघडली होती, ती शिवता शिवता डॉक्टरिणीनं त्याची शाळा घेतली. बोलण्याचा जोर चढला की टाका जोरात ओढला जायचा.

"बायकांना बऱ्याचदा काही कळतच नाही. आग नाही, पू नाही. रोग आत गुपचूप वर चढत राहतो. तुम्हाला निदान आग तरी झाली, ते निसर्गानं तुम्हाला दिलेलं पत्र होतं. तुम्ही ते दाढेच्या गोळ्यांनी फाडलंत."

"पण बरं वाटलं होतं, डॉक्टर."

"कमी झालं, गेलं नव्हतं. आणि समजा तुमचं गेलं असतं तरी तिच्यात होतंच. ती तुम्हाला परत देणार, तुम्ही तिला. म्हणून औषध दोघांनी एकाच वेळी घ्यायचं. संपेपर्यंत, आणि त्यानंतर आठवडाभर, जवळ यायचं नाही. हलू नका."

"आई गं!"

"परम्याबरोबर, म्हणजे गनोरियाबरोबर, दुसरा एक रोग जोडीनं येतो, क्लॅमिडिया, त्याच्याही गोळ्या देतेय. पाकीट पूर्ण संपवायचं, बरं वाटलं म्हणून अर्ध्यावर सोडायचं नाही. आणि दोघांच्याही रक्ताची तपासणी होईल, गरमीची, म्हणजे सिफिलिसची, आणि एचआयव्हीची. गरमीची जखम दुखत नाही आणि आपोआप भरते, मग तुमच्यासारखे लोक समजतात गेली. गेलेली नसते, रक्तात बसलेली असते, पुढं मेंदूपर्यंत जाते, पोटातल्या बाळाला मारते. वेळेत सापडली तर पेनिसिलिननं बरी होते. एचआयव्ही समूळ जात नाही, पण रोज औषध घेतलं तर माणूस चांगला जगतो. लपवलं तर काहीच बरं होत नाही. कळलं?"

"कळलं. आणि... तिला मूल?"

डॉक्टरिणीनं दोरा कापला. "नळ्यांना किती इजा झालीय ते आज कुणी सांगू शकत नाही. आणखी उशीर केला असता तर मी नाही म्हणूनच सांगितलं असतं. आज मी नाही म्हणत नाही, एवढंच."

रक्ताच्या तपासण्या दोघांच्याही स्वच्छ आल्या. एचआयव्हीची मात्र पुढं पुन्हा करायची होती. बायकोचा ताप उतरला तेव्हा ठोक्या पलंगाशी जाऊन उभा राहिला. एक डोळा सुजून बंद, ओठ फुटलेला. मेहुणा पायथ्याशी बसून होता, पहारेकऱ्यासारखा.

"मी चुकलो," ठोक्या म्हणाला.

"तू मला विचारलंस, घरी कोण येतं म्हणून," ती म्हणाली. लग्नापासून तिनं त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. मेहुण्यानंही मान वर केली. "तेव्हा मला कळलं नाही, आता कळलं. गॅरेजात पण बोंब मारलीस ना?"

ठोक्यानं होकारार्थी मान हलवली.

"तिथं जाऊन सांग, रोग कुणी आणला ते. जेवढ्या मोठ्यानं बोंबललास तेवढ्याच मोठ्यानं. आणि त्या बाईलाही कळव, तीही कुणाची तरी कोणी असेल. मी दादाकडे चाललेय. औषध संपवीन, मग बघीन."

"परत येशील?"

"बघीन म्हटलं ना."

मेहुणा उठला. ठोक्या आपसूक कपाटापासून दूर सरकला. पण मेहुण्यानं फक्त त्याच्या हातात गोळ्यांचं पाकीट कोंबलं. "पूर्ण संपवा, भाऊजी," तो दात आवळून म्हणाला. "नाहीतर मी संपवीन."

गॅरेजात सांगणं मार खाण्याहून अवघड गेलं. ठोक्यानं मालकासकट सगळ्यांना गोळा केलं आणि भाषण दिल्यासारखं सांगून टाकलं. मग रंगाऱ्यापुढे गाल केला. "मार."

"कशाला? उरलेल्या दातांची पण काळजी घ्यावी लागते मला." रंगाऱ्याच्या बोलण्यात आता शीळ वाजत होती. "गंजावर लांबी भरणाऱ्याला शिव्या देतोस ना रे तू? आता आरशासमोर उभा राहून दे."

सगळे हसले. ठोक्यानं मूठ वळली नाही. पण त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर दोन जण रंगाऱ्याला बाजूला घेऊन सरकारी दवाखान्यातली ती खोली नेमकी कुठल्या बाजूला आहे ते विचारत होते, अर्थात कुणा मित्रासाठी.

लॉजवर फोन केला तर ती बाई आधी हसली. "मला? मला काही सुद्धा होत नाही."

"तेच सांगतोय. काही होत नसलं तरी असतो."

मग तिनं अशा शिव्या घातल्या की ठोक्याला फोन कानापासून लांब धरावा लागला. पण कुठल्या दवाखान्यात जायचं ते तिनं विचारलं, जाऊन आल्याचंही नंतर कळवलं.

बायको परत आली ती दोघांची औषधं संपल्यावर, मेहुण्याला घेऊन. दारातच तिनं सांगितलं, "हात पुन्हा उठला तर मी जाईन आणि बघीन-बिघीन म्हणणार नाही." तेव्हापासून हात उठलेला नाही. उठू पाहतो. मग ठोक्या बाहेर जाऊन दगडी पायरीवर बसतो, आणि तो बाहेर गेला की तिला कळतं तो का गेला. ती त्याला आत बोलवत नाही. निवला की येतो. कंडोम आता तो स्वतः आणतो. दुकानदाराकडे न बघता मागतो, पण मागतो. मूल अजून नाही. नळ्यांचं काय ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

एक काम मात्र राहून गेलं आहे. बायकोला दवाखान्यातून सोडताना म्हातारी सिस्टर म्हणाली होती, "तुमच्या डोक्यानं आमच्या कपाटाला पोचा पडलाय, दार लागत नाही. तुमचंच काम ना हे? येऊन काढून द्या." ठोक्या हो म्हणाला होता. काही महिन्यांनी दोघं फेरतपासणीला गेली तेव्हा कपाटाचं दार बँडेजच्या पट्टीनं बांधून ठेवलेलं होतं. ठोक्यानं पोच्यावरून बोटं फिरवली. आतून ठोकळा लावून चार हातोड्यांचं काम होतं.

"हातोडी आणलीत?" सिस्टरनं विचारलं.

"विसरलो."

विसरला नव्हता. पिशवीत होती. पण त्या खोलीत, त्या पलंगाशेजारी, ठोकायचा आवाज करायला त्याचा हात धजेना. पुढच्या खेपेला नक्की, असं त्यानं सांगितलंय. सिस्टरनं कपाटाच्या दाराचं बँडेज बदललं.